खर्ज कुठे हरवतो?

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा कानातला मळ, पडद्याचे छिद्र, लहान मुलांचे कान फुटणे असे नेहमीचे विषय प्रथम मनात आले. या विषयांवर आमच्यापैकी अनेकांनी पूर्वी लिहिले आहे आणि ते उपयुक्तही आहे. परंतु गेली काही वर्षे एक वेगळाच विषय माझ्या मनात घर करून बसला आहे. तो अर्धा वैद्यकाचा आणि अर्धा ध्वनिशास्त्राचा आहे, आणि तो मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने नव्हे, तर माझ्या वडिलांनी शिकवला. शिकवताना त्यांना थोडा मनस्ताप सोसावा लागला आणि त्याला कारण मी स्वतः होतो. म्हणून हा लेख म्हणजे काही अंशी माहिती आणि काही अंशी कबुली आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू, निपाणीला शाळेत शिक्षक होते. तंबाखूच्या वखारींच्या त्या गावात आमचे दोन खोल्यांचे घर होते आणि त्यातली सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे एक लाकडी पेटीचा व्हॉल्व्हचा रेडिओ. १९५० साली सुरू झालेले धारवाड केंद्र आणि १९६३ साली सुरू झालेले सांगली केंद्र ही दोन्ही आमच्याकडे ऐकली जात. कुमार गंधर्वांचा जन्म आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा, भीमसेनजींचा गदगचा, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे, गंगूबाई हनगल हुबळीच्या आणि अब्दुल करीम खाँसाहेबांची मिरज तर हाकेच्या अंतरावर. या मुलखात गाणे ऐकण्याचे वेड लागायला वेगळे कारण लागत नाही. आप्पा रात्री सगळे झोपल्यावर रेडिओ अगदी बारीक आवाजात लावून, त्याला कान देऊन बसत. त्या बारीक आवाजातही तंबोरा खोलीभर भरून राही, ही माझी लहानपणची पक्की आठवण आहे.

आई गेल्यावर २००८ साली आप्पा बेळगावला आमच्याकडे राहायला आले. जुना रेडिओ निपाणीच्या घरात माळ्यावर गेला. मी त्यांच्यासाठी एक नवी म्युझिक सिस्टीम आणली. दोन सुबक स्पीकर, सीडीची सोय, दूरनियंत्रक, सर्व काही. माझी मुलगी त्या वर्षी दहावीला होती, म्हणून आप्पा स्वतःहूनच आवाज अगदी कमी ठेवत. पंधरा दिवसांनी ते मला म्हणाले, “अरे, आवाज येतोय, पण खर्ज कुठं आहे? तंबोरा लागल्यासारखा वाटत नाही. नुसतं वरचं वरचं ऐकू येतं.”

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर. मी त्यांना दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेले आणि ऑडिओग्राम काढला. २५० व ५०० हर्ट्झला २० डेसिबल, १००० ला २५, २००० ला ४० आणि ४००० ला ६०. वयोमानानुसार येणाऱ्या बहिरेपणाचे इतके नमुनेदार चित्र की विद्यार्थ्यांना दाखवावे. मी म्हणालो, “आप्पा, वय झालं की हे असं होतंच. तुमच्या कानांचा दोष आहे, यंत्राचा नाही.” ते काही बोलले नाहीत. त्या दिवसानंतर त्यांनी सिस्टीम लावणे बंद केले. वर्तमानपत्र वाचत बसत. मीही कामाच्या गडबडीत ते फारसे मनावर घेतले नाही.

यातील विसंगती जाणकार वाचकांच्या ध्यानात आलीच असेल. आप्पांचा ऑडिओग्राम वरच्या वारंवारतांत खाली गेलेला होता. खालच्या वारंवारता जवळजवळ शाबूत होत्या. आणि त्यांची तक्रार तर खालच्याच सुरांची होती. म्हणजे माझ्या निदानाचा आणि त्यांच्या तक्रारीचा काहीही संबंध नव्हता. कागदावरचा आलेख खाली उतरलेला दिसला, वय सत्तरीच्या पुढचे दिसले, आणि मी प्रकरण मिटवून टाकले.

दहावीची परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये आम्ही सर्वजण एका लग्नासाठी कोल्हापूरला गेलो. आप्पा घरीच थांबले. संध्याकाळी परत आलो तेव्हा फाटकापासूनच गाणे ऐकू येत होते. आत गेलो तर आप्पा खुर्चीत ताठ बसलेले, डोळे मिटलेले. मला पाहून म्हणाले, “आज खर्ज आला बघ.” मी सवयीने पुढे होऊन आवाज कमी केला, आणि जागच्या जागी थबकलो. आवाजाबरोबर खर्ज निघून गेला होता. तंबोऱ्याच्या वरच्या तारा होत्या, गायकाचा गळा होता, पण ज्या जमिनीवर ते सारे उभे होते ती जमीनच कुणीतरी काढून घेतली होती. माझे कान तेव्हा पंचेचाळिशीचे आणि तपासलेले होते. आप्पांचे म्हणणे खरे होते आणि ते त्यांच्या वयाशी निगडित नव्हतेच.

कान हा सरळ मापक नव्हे

हे असे का होते, याचा शोध मी त्यानंतर घेतला. उत्तर फार जुने निघाले. १९३३ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या संशोधकांनी श्रोत्यांना निरनिराळ्या वारंवारतांचे शुद्ध सूर ऐकवून, कोणता सूर किती तीव्र केला म्हणजे तो १००० हर्ट्झच्या सुराइतकाच मोठा वाटतो, याची मोजदाद केली. त्यातून जे वक्र तयार झाले त्यांना समश्रवण वक्र म्हणता येईल. पुढे १९५६ साली इंग्लंडमध्ये रॉबिन्सन व डॅडसन यांनी ते काम पुन्हा केले. आज प्रमाण मानले जाणारे वक्र आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या आयएसओ २२६ या मानकात दिलेले आहेत. २००३ साली त्यात मोठी सुधारणा झाली आणि २०२३ साली किरकोळ.

या वक्रांचे एकक फॉन. १००० हर्ट्झला जितके डेसिबल तितके फॉन, असा सोपा संकेत आहे. आता आकडे पाहू. १००० हर्ट्झचा सूर ८० डेसिबलला वाजत असेल तर १०० हर्ट्झचा सूर तेवढाच मोठा वाटण्यासाठी सुमारे ९२ डेसिबलला वाजावा लागतो. म्हणजे कानाला खालच्या सुरासाठी १२ डेसिबल अधिक द्यावे लागतात. हे झाले मोठ्या आवाजात. आता १००० हर्ट्झचा सूर ४० डेसिबलवर आणा. या पातळीवर १०० हर्ट्झच्या सुराला तेवढेच मोठे वाटण्यासाठी सुमारे ६४ डेसिबल लागतात. अधिकचे १२ नव्हे, तर २४.

सारा घोटाळा येथे आहे. आपण आवाजाचे बटण फिरवतो तेव्हा यंत्र सर्व वारंवारता सारख्याच प्रमाणात कमी करते. मोठ्या आवाजात ८० आणि ९२ असे जोडीने वाजणारे दोन सूर ४० डेसिबलने खाली आणले की ४० आणि ५२ होतात. पण कानाला तेथे ६४ हवे असतात. १२ डेसिबलची तूट आली. ही तूट यंत्रात नाही, तारेत नाही, सीडीत नाही. ती आपल्या कानाच्या घडणीत आहे. ५० हर्ट्झला तर ही तूट १६ डेसिबलच्या घरात जाते. २५० हर्ट्झला ती ६ च्या आसपास असते. वरच्या स्वरांत मात्र फरक फार थोडा पडतो. म्हणून आवाज कमी केल्यावर गाणे नुसते लहान होत नाही, त्याचा तोलच बदलतो.

आपल्या संगीताच्या भाषेत सांगायचे तर, पुरुष गायकाचा षड्ज काळी एकच्या आसपास असेल तर त्याची वारंवारता साधारण १४० हर्ट्झ असते. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ७० हर्ट्झच्या जवळ. डग्ग्याचा घुमाराही याच तळच्या प्रदेशात राहतो. म्हणजे हिंदुस्थानी मैफलीचा पायाच नेमका तेथे असतो जेथे कान बारीक आवाजात सर्वांत मंद होतो. तरीही खर्जाचा सूर कोणता आहे हे आपल्याला कळते, कारण मिरजेच्या कारागिरांनी लावलेल्या जवारीमुळे तंबोऱ्यातून मूळ सुराबरोबर वरचे स्वरांशही भरपूर उमटतात आणि मेंदू त्यांवरून खालचा सूर ताडतो. सूर समजतो, पण त्याचे भरलेपण जाते. आप्पांचे “नुसतं वरचं वरचं” हे शब्द किती अचूक होते, हे मला तेव्हा उमगले.

असे का घडते

वैद्यक व्यवसायातील वाचकांसाठी थोडे अधिक. बाह्यकर्णाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची, एका टोकाला बंद. अशा नळीचा अनुनाद ३००० हर्ट्झच्या थोडा वर येतो. त्यामुळे ३००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात कान निसर्गतःच सर्वांत तिखट असतो. उलट खालच्या वारंवारतांना मध्यकर्णातील पडदा व हाडांच्या साखळीचा ताठरपणा अडवतो आणि कॉक्लियाच्या टोकाशी असलेल्या छिद्रामुळेही तेथील दाब निसटतो. म्हणून खालच्या सुराचा श्रवणाचा उंबरठाच उंच असतो. १००० हर्ट्झचा सूर दोन-तीन डेसिबललाही ऐकू येतो, पण १०० हर्ट्झचा ऐकू यायला २६ च्या आसपास लागतात.

परंतु उंबरठा एकदा ओलांडला की खालचा सूर भराभर मोठा वाटू लागतो. मध्यम स्वरांत आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढवावे लागतात. १०० हर्ट्झला ७ च्या आसपास पुरतात. मिरवणुकीतील ठोक्याचे आकर्षण यातच आहे. आवाज वाढवला की गाण्यापेक्षा ठोका जास्त वाढतो, आणि वाढवणाऱ्याला आणखी वाढवावेसे वाटते.

आता आपल्या ऑडिओग्रामकडे वळू. आपण ज्याला शून्य म्हणतो ती रेषा सरळ काढलेली असते, पण मुळात ती सरळ नाही. नेहमीच्या हेडफोनवर १२५ हर्ट्झचे शून्य म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ४५ डेसिबल ध्वनिदाब आणि १००० हर्ट्झचे शून्य म्हणजे सुमारे ७. निरोगी कानाचा वाकडेपणा आधीच वजा करून आपण तो कागद वाचतो. तपासणीसाठी हे योग्यच आहे, कारण आपल्याला निरोगी कानाशी तुलना करायची असते. पण म्हणूनच ज्या वाकडेपणाने आप्पांचा खर्ज नेला, तो ऑडिओग्रामवर दिसणे शक्यच नव्हते. शिवाय ऑडिओग्राम उंबरठा मोजतो. उंबरठ्याच्या वर आवाज कसा वाढत जातो हे तो सांगत नाही. मी चुकीच्या साधनाला चुकीचा प्रश्न विचारला होता.

चार टोकांचे बटण

मग जुना रेडिओ बारीक आवाजातही भरलेला कसा वाटे? ही निव्वळ बालपणाची माया होती का? मला राहवेना. निपाणीच्या घरातून तो रेडिओ उतरवला आणि तेथे रेडिओ दुरुस्तीत उभी हयात घालवलेल्या एका वयस्क कारागिराकडे नेला. त्यांनी पाठीमागचे झाकण काढले, आवाजाच्या बटणाकडे बोट दाखवले आणि म्हणाले, “डॉक्टर, ह्याला किती टोकं आहेत, मोजा.” साध्या बटणाला तीन टोके असतात. याला चार होती.

चौथे टोक बटणाच्या पट्टीवर मध्येच काढलेले असते आणि त्याला एक रोध व एक कंडेन्सर जोडून ते जमिनीला बांधलेले असते. बटण वर असताना या जोडणीचा फारसा परिणाम होत नाही. ते खाली येऊ लागले की मधल्या स्वरांचा काही भाग या वाटेने निघून जातो, खालचे स्वर मात्र कंडेन्सरमुळे अडतात आणि मागे राहतात. परिणामी आवाज जितका कमी, तितका खर्ज तुलनेने जास्त. कानाची तूट यंत्र आपोआप भरून काढते. त्या काळच्या अनेक मोठ्या व्हॉल्व्ह रेडिओंत ही सोय असे. पुढे कॅसेट डेक आणि ॲम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ नावाचे वेगळे बटण आले, ते याच कामासाठी. नावावरून आवाज वाढवणारे बटण समजून अनेकांनी ते कायम दाबलेले ठेवले, तर काहींनी भेसळ समजून कायम बंद. दोन्ही चुकीचे. आमच्या नव्या सिस्टीममध्ये असे बटणच नव्हते.

या जुन्या उपायाला मर्यादाही आहेत. बटण अमुक जागी आहे म्हणजे खोलीत अमुक डेसिबल आहेत, असे गृहीत धरले जाते. पण ध्वनिमुद्रणे सारख्या पातळीची नसतात, स्पीकर कमी-जास्त सक्षम असतात, खोल्या लहान-मोठ्या असतात. त्यामुळे भरपाई कधी अपुरी, तर कधी जास्त होऊन आवाज घुमू लागे. शिवाय बऱ्याच ‘लाउडनेस’ बटणांत वरचे स्वरही उचललेले असत. नव्या वक्रांप्रमाणे त्याची गरज फार थोडी आहे. आज काही यंत्रे मायक्रोफोनने खोलीतील पातळी मोजून, ध्वनिमुद्रण ज्या पातळीला ऐकून तयार केले त्या पातळीशी तुलना करतात आणि दोन वक्रांतील फरक तेवढाच भरतात. तत्त्व मात्र चौथ्या टोकाचेच आहे.

आणखी दोन अडचणी

बारीक आवाजातील श्रवणाच्या मार्गात कानाच्या वक्राखेरीज आणखी दोन गोष्टी येतात. पहिली म्हणजे खोलीतील गोंगाट. छताचा पंखा, रस्ता, आपल्या बेळगावचा जुलै महिन्यातला पाऊस यांची घरघर बहुतांशी खालच्याच वारंवारतांत असते. आधीच मंदावलेला खर्ज तिच्याखाली पार झाकून जातो. कुमारजींसारखा गायक एका क्षणी अगदी हळुवार स्वर लावतो आणि दुसऱ्या क्षणी तारसप्तकात झेप घेतो. आवाज कमी ठेवला तर हळुवार स्वर पावसात बुडतो. तो ऐकू यावा म्हणून वाढवला तर पुढची झेप घरातल्यांना दचकवते. दूरदर्शन संचावर मालिकेतील संवाद ऐकू येत नाहीत आणि जाहिरात लागली की अंगावर येते, हा त्याचाच भाऊबंद. यावर ध्वनीची सरासरी जाणवणारी पातळी मोजण्याचे आंतरराष्ट्रीय मानक २००६ साली तयार झाले आणि त्याच्या आधारे २०१० साली युरोपातील प्रक्षेपकांनी समान पातळीचा संकेत स्वीकारला. अमेरिकेत जाहिरातींच्या आवाजासाठी त्याच वर्षी कायदा झाला.

दुसरी अडचण वृद्ध कानांची, आणि येथे आप्पांचा ऑडिओग्राम अखेर उपयोगी पडला. बाहेरील केशपेशी झिजल्या की बारीक आवाज उचलून धरणारी कॉक्लियातील यंत्रणा कमजोर होते. बारीक आवाज ऐकूच येत नाही. पण एकदा ऐकू येऊ लागला की थोड्याशा वाढीने तो असह्य होतो. यालाच आपण रिक्रूटमेंट म्हणतो. घरातील म्हातारी माणसे “मोठ्यानं बोल” म्हणतात आणि मोठ्याने बोलले की “ओरडतोस कशाला?” म्हणून रागावतात, तो हट्ट नव्हे, ते लक्षण आहे. आधुनिक श्रवणयंत्रे बारीक आवाजाला जास्त आणि मोठ्याला कमी वाढ देतात ती याच कारणाने. मात्र ती संभाषणासाठी जुळवलेली असतात. गाणे ऐकणाऱ्या रुग्णासाठी ऑडिओलॉजिस्टकडून संगीताचा वेगळा प्रोग्राम लावून घ्यावा.

मिरवणूक आणि मापक

या वक्रांचा सार्वजनिक आरोग्याशीही संबंध आहे. आपल्याकडील ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ आणि रुग्णालयांभोवतीच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. हे डेसिबल ‘ए’ मापनाचे आहेत, आणि ‘ए’ मापन मुळात ४० फॉनच्या वक्रावरून घेतलेले आहे. म्हणजे बारीक आवाजात कान खर्जाला जितकी कमी किंमत देतो, तितकीच कमी किंमत मापकही देतो. ६३ हर्ट्झला ते तब्बल २६ डेसिबल वजा करते. मिरवणुकीतील १०० डेसिबलचा ठोका मापकावर ७४ म्हणून उमटू शकतो. पण त्या पातळीला आपला कान ४० फॉनच्या वक्रावर नसतो. तो ठोका त्याला चांगला मोठा ऐकू येतो. शिवाय खालच्या वारंवारता भिंती-खिडक्यांना फारशा जुमानत नाहीत. छातीत धडधड होते म्हणणाऱ्या रुग्णाला “आकडा तर फार नाही” असे सांगण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. अशा वेळी ‘सी’ मापनानेही मोजणी करायला हवी.

आणि कानाच्या हितासाठी आणखी एक. आमच्याकडे येणारे तरुण इअरफोनचा आवाज वाढवतात ते बहुधा भरलेपणासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही प्रौढांसाठी सुरक्षित मर्यादा आहे आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलमागे वेळ निम्मा होतो. खर्जाची भरपाई केली तर तेच समाधान कमी आवाजात मिळते. तेव्हा ही भरपाई केवळ चैन नाही. ती कानाचे संरक्षणही करते.

घरी काय करावे

१. प्रथम ज्या आवाजात गाणे पूर्ण वाटते तो आवाज ठरवावा. मग नेहमीच्या आवाजावर यावे आणि किती खाली आलो याचा अंदाज घ्यावा. मोबाइलवरील मापक ढोबळ असला तरी फरक कळण्यापुरता पुरतो.

२. प्रत्येक १० डेसिबल घटीमागे इक्वलायझरवर ५० हर्ट्झला ४, १०० हर्ट्झला ३ आणि २५० हर्ट्झला दीड डेसिबल वाढवावेत. १००० च्या वर काही करू नये.

३. आवाज पुन्हा वाढवताना ही भरपाई काढून टाकण्यास विसरू नये.

४. लहान स्पीकरकडून अशक्य अपेक्षा करू नये. १० डेसिबल वाढ म्हणजे दसपट शक्ती. चार इंची स्पीकर ५० हर्ट्झ देऊ शकत नाही. बळजबरी केली तर फाटतो.

५. पंखा मंद करावा, स्पीकर जवळ घ्यावा. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

६. घरातील वृद्धांची श्रवणतपासणी अवश्य करावी. वरच्या स्वरांची त्यांची तूट ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचा उपाय वेगळा.

आप्पांसाठी मी हेच केले. एक साधा इक्वलायझर आणला, कागदावर आकडे मांडले आणि रात्री जेवणानंतर त्यांच्या खोलीत बसून एकेक कळ वर सरकवू लागलो. आवाज बारीकच होता. शंभर हर्ट्झची कळ वर गेली तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आता तंबोरा लागला.” मी त्यांना म्हणालो, “आप्पा, दोष तुमच्या कानांचा नव्हता. मी चुकलो.” ते हसले. “मला ठाऊक होतं रे,” म्हणाले, “पण तू डॉक्टर.”

हे शेवटचे तीन शब्द मी अजून विसरलेलो नाही. चार महिने त्यांनी गाणे ऐकले नाही, आणि ते यंत्रामुळे नव्हे, तर मी पांढरा कोट घालून सांगितलेल्या एका वाक्यामुळे. त्यांच्यापाशी उरलेल्या वर्षांतले ते चार महिने होते. २०१३ साली ते गेले. तोवर रोज रात्री त्यांच्या खोलीतून बारीक आवाजात गाणे येत असे, आणि त्यात खर्ज असे.

निपाणीच्या कारागिरांनी रेडिओ दुरुस्त करताना झिजलेले ते जुने बटण बदलले आणि मला दिले. ते माझ्या दवाखान्यातील टेबलाच्या खणात असते. ऐकू येत नाही, नीट लागत नाही, काहीतरी कमी वाटते, असे सांगणारा रुग्ण समोर बसला की मी ऑडिओग्रामच्या कागदाला हात लावण्यापूर्वी दोन प्रश्न विचारतो: नेमके काय कमी वाटते, आणि किती आवाजात ऐकता? माझ्या सर्व व्यवसायबंधूंनी व भगिनींनी हे दोन प्रश्न आपल्या केसपेपरवर लिहून ठेवावेत, एवढीच या लेखाच्या निमित्ताने नम्र विनंती.